पदविकेचा ठराव

आमच्या घरी भांडणे होत नसत, सभा होत. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर कामाला होते आणि तिथल्या युनियनच्या शाखेचे चिटणीस होते. कारखान्यात जी पद्धत, तीच घरात. सूचक, अनुमोदक, चर्चा, मतदान. माझ्या थोरल्या बहिणीचे लग्नसुद्धा ठरावाने ठरले. स्थळ पसंत असल्याचा ठराव झाला आणि बाबांनी त्याची सहीनिशी प्रत मुलाच्या वडिलांना टपालाने पाठवली. ते बिचारे कोर्टाचा कागद समजून घाबरले आणि दुसऱ्याच दिवशी नाशिक रोडला आमच्या वस्तीत येऊन थडकले.

बहीण सासरी गेल्यावर सभेत चौघे उरले. बाबा अध्यक्ष. त्यांचे मित्र असलेले शाळेतले गुरुजी कार्यवृत्त लिहीत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळीवर काम करणारे काका प्रत्येक ठरावाला अनुमोदन देत, कधीकधी ठराव मांडला जाण्याआधीच. आणि चौथी मी. मला अक्षरओळख पत्रकांवरून झाली. ‘कामगार बंधूंनो’ हे मी लिहायला शिकलेले पहिले शब्द. अठरा पूर्ण होताच मला सभासदत्व मिळाले. चौघे हजर असल्याशिवाय सभा भरायची नाही, असा बाबांचा नियम होता. एका सभेला दोघेच हजर असताना त्यांच्या कारखान्यात भलताच करार मंजूर झाला होता, तेव्हापासून गणपूर्ती हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता.

बी.कॉम. होऊन मी अंबडच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये लागले. कामगारांची हजेरी, रजा, उशीर यांच्या नोंदी करायच्या. पॅकिंगमध्ये चाळीसेक बायका होत्या. कायद्याने त्यांच्या मुलांसाठी पाळणाघर हवे, आणि ते होतेही. दारावर पाटी होती, आत रंगाचे डबे होते आणि बाहेर कुलूप होते. कुलपाची किल्ली कामगार कल्याण अधिकाऱ्याकडे असे. ते गृहस्थ वर्षभराने निवृत्त होणार होते. ते एकदा मला म्हणाले, “रीतसर शिक्षण असेल तर तू माझ्या जागेसाठी का नाही अर्ज करत? पोरी, मी डबे सांभाळले. तू पोरं सांभाळ.”

मला ती किल्ली हवी होती. त्यापुढे दुसरे काही दिसेना.

प्रश्न एवढाच होता की रीतसर शिक्षण म्हणजे किती. मी तीन माहितीपत्रके गोळा केली. पहिला अभ्यासक्रम सहा महिन्यांचा, टपालाने येणारा. त्याच्या मुखपृष्ठावर टाय लावलेला माणूस टेलिफोनवर हसत होता. दुसरी कामगार कायदे आणि कामगार कल्याण या विषयातली एक वर्षाची पदविका. तिचे वर्ग नाशिकमध्येच, संध्याकाळी. तिसरी कर्मचारी व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी. ती दोन वर्षांची, पुण्याला, दिवसभराची. म्हणजे नोकरी सोडून.

मी अर्थातच तिसरी निवडली. कारण तत्त्वाचे होते. मालकांची पोरे वरच्या पायरीवर बसणार आणि कामगारांच्या मुलांनी मधल्या पायरीवर थांबायचे, ही विषमता मला मान्य नव्हती. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र म्हणजे फसवणूक आणि पदविका म्हणजे तडजोड. हे सगळे मी एका पत्रकात मांडले. ‘कुटुंबातील श्रमिक बंधूंनो’ अशी सुरुवात करून मी सात मुद्दे लिहिले आणि कार्बन घालून तीन प्रती काढल्या. आमच्या तीन खोल्यांत बाबांना आणि गुरुजींना ते पत्रक मी स्वतः वाटले, एक प्रत वीजकेंद्रातल्या काकांच्या घरी सायकलवरून नेऊन दिली. काकांनी दारातच न वाचता अनुमोदन दिले.

बाबांचे मत पदविकेकडे होते, पण कारण भलतेच. पदविका घेतलेला माणूस कामगारांच्या बाजूने बोलतो आणि पदव्युत्तर झालेला टेबलाच्या पलीकडे जाऊन बसतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी असे तीन अधिकारी पाहिले होते. तिघांनीही आधी चहा पाजला होता आणि मग नोटीस दिली होती. गुरुजींना मात्र विषयाचा अभ्यास झाल्याशिवाय मत देणे बेजबाबदारपणाचे वाटत होते. त्यांनी एकसदस्य उपसमिती सुचवली, स्वतःचीच नेमणूक करून घेतली आणि तिन्ही माहितीपत्रके घरी नेली. उपसमितीचा अहवाल तीन आठवड्यांनी आला. अहवालात म्हटले होते की तिन्ही अभ्यासक्रम छापील आहेत.

तोवर प्रवेशाचा शेवटचा दिवस दारात आला. पुण्याचा आणि नाशिकचा, दोन्हीचा सोमवार. सभा रविवारी सकाळी ठेवली. दहा वाजता बाबा, गुरुजी आणि मी सतरंजीवर बसलो. साडेदहाला वीजकेंद्रातल्या काकांच्या शेजाऱ्याने निरोप आणला की त्यांच्या जागी येणारा माणूस आलाच नाही, म्हणून ते दुसऱ्याही पाळीला थांबलेत. मात्र त्यांचे अनुमोदन आहे. कशाला, ते निरोपात नव्हते.

गुरुजींनी घसा साफ केला आणि गणपूर्ती नसल्याचे निदर्शनास आणले. बाबांनी घड्याळ पाहिले आणि सभा पुढच्या रविवारपर्यंत तहकूब केली.

मी उभी राहिले. सोमवार रविवारच्या आधी येतो, हे मी बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितले. नोकरशाही, दिरंगाई, तांत्रिक सबबी, हे सगळे शब्द वापरले. बाबांनी शांतपणे ऐकून घेतले.

“पोरीसाठी नियम मोडला,” ते म्हणाले, “तर उद्या मॅनेजरला कोणत्या तोंडाने नियम सांगू?”

हाच मुद्दा मी स्वतः आधीच्या तीन पत्रकांत लिहिला होता. माझे डोळे भरून आले. नियमाने माझी किल्ली जात होती आणि मला नियमाविरुद्ध रडता येत नव्हते.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. आई सिन्नरकडच्या खेड्यातली, चौथीपर्यंत शिकलेली. तिने ट्रे सतरंजीवर ठेवला. ट्रेमध्ये चार कप होते.

“किती माणसं लागत्यात?” तिने विचारले.

“चार,” गुरुजी म्हणाले.

“मंग चारच हाये की,” आई म्हणाली, चौथा कप उचलला आणि सतरंजीवर बसली.

मग बाबा जरा चाचरत म्हणाले, “अगं, तू सभासद कुठं आहेस?”

“मला काढलं कवा?”

हा प्रश्न कार्यपद्धतीचा होता, त्यामुळे गुरुजींना राहवले नाही. त्यांनी वही पहिल्या पानापासून उघडली. बाबांच्या लग्नानंतर पंधरा दिवसांनी लिहिलेला पहिला ठराव बाबांच्याच अक्षरात होता. घरातील सर्व प्रौढ व्यक्ती सभेच्या सभासद राहतील. गुरुजींनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून त्यांनी अध्यक्षांना सांगितले की या बाई सव्वीस वर्षे सभासद आहेत आणि त्यांची हजेरी एकदाही लावलेली नाही.

बाबा खाली पाहत राहिले. मीही. हजेरी लावणे हा माझा पगारी धंदा होता. चाळीस बायकांसाठी मी कंपनीशी भांडायला निघाले होते, आणि पत्रक लिहिताना ‘बंधूंनो’वर थांबले होते. वाटलेल्या प्रतींपैकी एकही आईला दिली नव्हती.

“हजर,” गुरुजींनी लिहिले. सभा सुरू झाली.

मी ठराव मांडला, पण आवाज पहिल्यासारखा चढेना. आईने माझे पत्रक मागितले. मूळ हस्तलिखित माझ्याकडे होते, ते दिले. तिने ते हातात घेऊन उलटे केले आणि मागचीच बाजू वाचू लागली. मला वाटले तिला सुलटी बाजू कळली नाही. मी हात पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला आणि एकेक शब्द जोडत मोठ्याने वाचले. कामगार कल्याण अधिकारी या पदासाठी उमेदवार पदवीधर असावा. कामगार कल्याणातील मान्यताप्राप्त पदविका आवश्यक. चालू वर्षी पदविकेला प्रवेश घेतलेल्या, सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यांचा विचार केला जाईल.

ती आमच्या कारखान्याची सूचना होती. फलकावर लावून उरलेली प्रत टाइम ऑफिसमध्ये पडली होती. एक बाजू कोरी दिसली म्हणून मी ती घरी आणली आणि तिच्यावर विषमतेविरुद्ध सात मुद्दे लिहिले. छापील बाजू मी वाचलीच नव्हती. कंपनीचा कागद वाचायचा असतो तो खोडून काढायला, अशी माझी समजूत होती.

“सेवेत असलेल्या म्हंजे नोकरीत ना?” आईने विचारले. “मंग पुण्याला जाऊन नोकरी सोडली, तर तुला घेतील व्हय?”

घेणार नव्हते. दोन वर्षांनी मी सगळ्यांत वरच्या पायरीवर असते आणि पाळणाघराला कुलूप लावायला दुसरेच कोणी असते.

“मला तुमचं तत्त्व कळत नाय,” आई पुढे म्हणाली. “तुला त्या खोलीत जायचंय ना? मंग जेवढी किल्ली लागती तेवढीच घडव. मोठी घडवलीस तर ती कुलपात जायाची नाय.”

मी माझा ठराव मागे घेतला. पदविकेचा ठराव आईने मांडला, गुरुजींनी अनुमोदन दिले. दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून अर्ज भरला. पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्गात पास झाले, आणि आधी डबे निघाले, मग पोरे आली. पण ते सगळे नंतरचे. रविवारची सभा अजून संपली नव्हती.

बाबा आभार मानायला उठले, तर आईने त्यांना खाली बसवले. तिची एक उपसूचना होती. पोरीचे वर्ग संध्याकाळचे, घरी यायला तिला साडेनऊ होणार. इतके दिवस संध्याकाळी ती कणीक मळायची, भाजी चिरायची. ते काम आता कोणी करायचे, हेही याच सभेत ठरावे.

गुरुजींनी मान डोलावून उपसूचना विषयाला धरून असल्याचा निर्वाळा दिला. वर्षभर संध्याकाळचा तो भाग बाबांनी उचलावा, असे आईने मांडले. मी अनुमोदन दिले. बाबा विरोधात हात वर करू लागले, तेव्हा गुरुजींनी त्यांना आठवण करून दिली की समसमान मते पडल्याखेरीज अध्यक्षांना मत नाही, हा त्यांचाच नियम आहे. मते तीन विरुद्ध शून्य पडली.

बाबांनी स्वतःच निकाल जाहीर केला, सभा संपल्याचे सांगितले आणि सतरंजीची घडी घातली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, अध्यक्षांना न शोभेल अशा हळू आवाजात त्यांनी आईला विचारले, “परात कुठं असते गं आपली?”