रिकाम्या खोलीची ऊब

माझा नवरा वॉटी लोकांची घरं ऊबदार करून देतो. म्हणजे पाइप जोडतो, टाक्या बसवतो आणि त्याआधी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ढीगभर चहा पितो. चहा पिता पिता विचारतो, "संध्याकाळी बसता कुठे? झोपता कुठे? सकाळी आधी कोण उठतं?" हे कळल्याशिवाय तो कागदावर एक रेघ मारत नाही. "एफी, थंडी भिंतींना नाही वाजत, माणसांना वाजते," हे मला लग्नापासून ऐकवतोय. सध्या त्याच्या हाताखाली कोणी टिकत नाही, म्हणून बायकोपणाबरोबर हमालीही माझ्याकडेच आहे.

जगाच्या पार दक्षिणेला, आमच्या मानियाटोटोच्या पठारावर, जुलैत भर हिवाळा असतो आणि थंडी हाडं फोडते. वॉटीच्या लहानपणी खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ धरायचा आणि पोरं तो नखांनी खरवडायची. घरं सगळी सारखीच. स्वयंपाकघरात चूल रसरसलेली, दार घट्ट लावलेलं आणि बाकीच्या खोल्यांत मेंढ्यासुद्धा राहणार नाहीत. थंडी वाजते म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मग अजून एक स्वेटर चढव." वॉटीची आई अशाच एका खोलीत छातीच्या दुखण्याने गेली. त्याबद्दल तो बोलत नाही, पाइप जोडत राहतो.

म्हणून मिसेस रेनींचा निरोप आला तेव्हा तो हातातला चीज रोल टाकून निघाला. मिसेस रेनींनी त्याला शाळेत शिकवलंय. हा अठ्ठावन्न वर्षांचा घोडा अजूनही त्यांच्यासमोर टोपी काढून उभा राहतो आणि त्याही त्याला शाळेतल्या वॉल्टर नावानेच हाक मारतात. त्यांचा नवरा डगल्ड. सारा जन्म डोंगरात मेंढ्यांमागे गेला आणि आता छातीचा भाता झालेला. दोन महिने दूर ड्युनीडिन शहरातल्या रुग्णालयात पडून होता. डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, पण झोपायची खोली पहाटेसुद्धा अठरा अंशांच्या खाली जाता कामा नये. ते जमत नसेल तर तिकडच्याच वृद्धाश्रमात ठेवा.

"तिथे तो वसंत बघणार नाही," मिसेस रेनी म्हणाल्या. "वॉल्टर, दार लाव आधी, ऊब जातेय."

त्यांची एकच अट होती. "तो हीट पंप की काय तो बसव, पण माझी चूल हलवलीस तर कान उपटीन."

"चूल हवीच आहे मला, मिसेस रेनी," वॉटी खूश होऊन म्हणाला.

आणि खरंच हवी होती. हीट पंप बाहेरच्या हवेतून ऊब ओढून आणतो, पण कडक थंडीत त्याच्याच पेटीवर बर्फ धरतो आणि तो वितळवताना त्याची दमछाक होते. तेव्हा चुलीने हात द्यायचा. चूल मध्यरात्रीनंतर विझते, तेव्हा पंपाने. दोघांनी मिळून एका मोठ्या टाकीतलं पाणी तापवायचं आणि ते पाणी खोल्याखोल्यांत भिंतीला बसवलेल्या लोखंडी रेडिएटरमधून फिरायचं. चुलीच्या पाठीला बसवलेल्या पाण्याच्या डब्यापासून टाकीकडे त्याने एक जाडजूड पाइप चढता नेला, म्हणजे हिमवादळात वीज गेली तरी चुलीचं पाणी आपसूक वर जाईल, उकळून फुटणार नाही. दोन बैल एका जुवाला, एक दमला की दुसऱ्याने ओढायचं.

काम झाल्यावर गावातली नर्स मेरेआना तपासायला आली. रात्रीतलं सगळ्यात कमी तापमान लक्षात ठेवणारा एक छोटा तापमापक तिने झोपायच्या खोलीत टांगला. "आंटी, याला हात लावू नका. नेहमी राहता तशा रहा. आठवड्याने बघायला येते."

आठवड्याने आकडा निघाला नऊ.

मेरेआना बिचारी रडवेली झाली. "अजून एक आठवडा देते. मग मला ड्युनीडिनला कळवावंच लागेल."

वॉटीचं जेवण सुटलं. सारखे तेच हिशेब. भिंत किती जाड, खिडकी केवढी, बाहेर गोठलेलं दहिवर किती. मी म्हटलं, "अरे, कागदाला काय विचारतोस, घराला विचार!" तेव्हा कुठे उठला.

आम्ही गेलो. टाकी कढत. पाइप बोळातून झोपायच्या खोलीपर्यंत कढत. आत रेडिएटर मात्र प्रेतासारखा गार. वॉटी खाली वाकला. कॉक बंद होता, हाताने पिळून घट्ट केलेला.

"मिसेस रेनी, हा कोणी बंद केला?"

"मी. रिकाम्या खोलीला कोण तापवतं?"

"रिकामी? मग तुम्ही..."

तेवढ्यात मला स्वयंपाकघरातल्या कोचामागे घडी घातलेली रजई दिसली, वर उशी. मी वॉटीला कोपराने ढोसलं. दुनियेला विचारत फिरतो, झोपता कुठे, आणि इथे विचारलंच नव्हतं. जन्मापासून ओळखीचं घर, काय विचारायचं!

मिसेस रेनी लाल झाल्या. "त्याच्याशिवाय त्या पलंगावर पडवत नाही मला. आता झालं समाधान? ती म्हणाली नेहमीसारख्या रहा, राहिले. तो आला की उघडणारच होते कॉक."

"पण तो आकडा बघूनच त्यांना पाठवायचं की नाही ते ठरणार!" वॉटी म्हणाला.

त्या मटकन खुर्चीत बसल्या. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच किटली चढवली. थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "उघडेन रे आता. पण झोपायच्या वेळी हात आपोआप तिकडे जातो. माणूस नाही तिथे जाळायचं, हे मला जमत नाही. आईने तसं वाढवलंच नाही."

वॉटी खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर खोपटात डगल्डचा म्हातारा कुत्रा टॅम पडला होता, नाकाभोवती दहिवर, पुढ्यातलं मटण तसंच. मालक गेल्यापासून नीट खात नव्हता.

"टॅमला ठेवा त्या खोलीत, मग ती रिकामी नाही," वॉटी म्हणाला.

"कुत्रा? घरात?" मिसेस रेनी ताडकन उठल्या. आमच्याकडे मेंढ्यांचा कुत्रा उंबरा ओलांडत नाही. डगल्डचं तर ब्रीदच होतं, कुत्रा घरात आला की कामातून गेला. "डगल्ड मला घराबाहेर काढेल!"

"काढायला आधी घरी तर येऊ देत."

आठवड्याने मेरेआनाने आकडा वाचला. एकोणीस. मग तिने पलंगाकडे पाहिलं. "आंटी, या रजईवर केस कसले?"

"तुला आकडा हवा होता ना? तो बघ."

मेरेआनाने त्यांना मिठी मारली आणि वॉटी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा हसत सुटला.

डगल्ड आला त्या संध्याकाळी आम्ही होतोच. चाकाच्या खुर्चीतून खोलीत शिरताच तो बायकोवर ओरडला, म्हणजे श्वास पुरला तेवढा. "उना! कुत्रा पलंगावर?"

"त्याच्यामुळे तू इथे आहेस. सरकून झोप."

दुसऱ्या दिवशी उजाडताना वॉटीने मला गदागदा हलवलं. "एफी, रेनींच्या धुराड्यातून धूर नाही!"

मी खिडकीशी धावले. या गावात आले तेव्हापासून पहिला धूर त्यांचाच पाहिला होता, अंधार असतानाच. वर रात्रीतून दहिवर असं पडलं होतं की कुंपणाच्या तारा बोटाएवढ्या जाड झाल्या होत्या. चूल विझलेली, पंपही गोठला असणार आणि आत तो श्वासाला महाग झालेला माणूस. तशीच गाडी काढली.

मागचं दार उघडंच असतं. स्वयंपाकघरात चूल गार पडलेली. बाहेर पंपाची घरघर मात्र शांतपणे चालू होती. वॉटीने बोळातल्या पाइपवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला. मग त्याने झोपायच्या खोलीचं दार ढकललं.

आतून ऊब अंगावर आली. पलंगावर डगल्ड तोंड उघडं टाकून घोरत होता. पायाशी टॅम. आणि आयुष्यभर अंधारात उठून चूल पेटवणाऱ्या मिसेस रेनी, नवऱ्याच्या दंडाला धरून, ढाराढूर झोपलेल्या.

वॉटीने टोपी काढली. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही, का लपवू?

मिसेस रेनींनी एक डोळा किलकिला केला.

"वॉल्टर," त्या पुटपुटल्या, "दार लाव. ऊब जातेय."