फ्रीबीएसडी आणि किन्हीराजाची ट्रॉली

शेलूबाजारच्या एका वजनकाट्यावर माझा लिनक्सवाला सर्व्हर मुकाट चालू होता. तेवढं मला पुरलं नाही. मालेगावात संगणक दुरुस्त करणाऱ्यांत फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच दुसरी सिस्टिम जाणणारा मी एकटाच, असा माझा स्वतःबद्दल गैरसमज होता. लिनक्स काढून तीच टाकायचं ठरवलं.

काटेवाले काका म्हणाले, "दोन्ही फुकटच हायेत ना? मंग बदलतं कायले?"

"काका, हे जुनं खानदान आहे. लिनक्स काय, गल्लोगल्ली."

"मले सोयरीक नाही करायची. पावती निघाली पायजे."

सोयाबीनचे दिवस होते. भरली ट्रॉली काट्यावर चढते, वजन सर्व्हरमध्ये बसतं; माल खाली करून रिकामी परत येते, तेव्हा वजाबाकी होऊन पावती निघते. मधल्या वेळात काटा मोकळा दिसतो. मला वाटलं, गिऱ्हाईक नाही. काका चहाला गेले तसं मी डिस्क पुसली. बॅकअप होता, पण सकाळचा.

नवी सिस्टिम झोकात उभी राहिली आणि किन्हीराजा गावचे एक नवरा-बायको रिकामी ट्रॉली घेऊन काट्यावर चढले.

"आमच्या मालाचं वजन?" नवऱ्यानं विचारलं.

मी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "भरल्या ट्रॉलीचा आकडा लक्षात आहे का?"

बाई म्हणाल्या, "आमी पाठ कराचं, तं तुमाले कायले ठेवेल हाय इथं?"

त्यांचं वर्षाचं पीक व्यापाऱ्याच्या आवारात ढीग होऊन पडलं होतं आणि कोणत्याही क्षणी दुसऱ्या ढिगात मिसळणार होतं. मी पळत सुटलो. हमाल ढीग उचलायला पाटी लावतच होता. मी ढिगापुढे आडवा झालो. काकांनी तोवर रिकामी ट्रॉली तोलून घेतली आणि आवारात आणवली. घमेलं माझ्या हातात आलं. नवराही माल परत ट्रॉलीत भरू लागला. बाई ट्रॉलीवर उभ्या राहून दाणा न् दाणा मोजल्यासारखं बघत होत्या.

"भारी हाय हो तुमची सिस्टिम," त्या म्हणाल्या. "घमेलं बी उचलते."

ट्रॉली काट्याकडे निघणार, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. "बूट काढा भाऊ."

काढले. दोन्ही बुटांतून ओंजळभर सोयाबीन निघालं. ते ट्रॉलीत पडल्यावरच ट्रॅक्टर हलला, मागोमाग बूट हातात घेऊन मी. काट्यावर नवऱ्यानं आकडा मोठ्यानं वाचला, बाईंनी तो मोबाइलमध्ये टिपून घेतला, मग पावतीला हात लावला.

पावती फ्रीबीएसडीनं पहिल्या झटक्यात काढली होती, अगदी चोख. हे कोणाला तरी सांगावं म्हणून मी वळलो, तर काका माझे खाली ठेवलेले बूट झटकून बघत होते.