शनिवारचा पंधरा ऑगस्ट

परदेशातून परत येताना आम्ही बॅगा भरभरून सामान आणलं. चॉकलेटं आठवड्यात संपली, कॉफीचं मशीन महिन्यात बिघडलं. किस्से मात्र संपायचं नाव घेत नाहीत, उलट वाढतच चाललेत! नेदरलँड्समधल्या एका लहानशा गावात आम्ही चार पुणेकर घरं होतो, आणि आता चारही घरं पुण्यात परत आली आहेत. कोणाकडे तरी जमायचं, हिंजवडीहून निघालेल्या संदीपची ट्रॅफिकमुळे वाट बघायची, आणि तो आला की कोणीतरी म्हणतंच, "ए, तो पंधरा ऑगस्ट आठवतो का रे?"

आता कोणता पंधरा ऑगस्ट, ते विचारावं लागतं.

* * *

तिथे त्या दिवशी सुट्टी कुठली? म्हणून आमचा पंधरा ऑगस्ट जवळच्या शनिवारी व्हायचा. माझे वडील, आप्पा, कोथरूडला राहतात. सोसायटीचा झेंडा बांधायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. त्यांना हा शनिवारचा कारभार अजिबात पसंत नव्हता.

एकदा फोनवर त्यांनी माझ्या मुलीला, इराला, विचारलं, "काय गं, आपला देश स्वतंत्र कधी झाला?"

"शनिवारी!" इरा ठणकावून म्हणाली. "बाबांना सुट्टी असते ना!"

"हो का," आप्पा म्हणाले. "इंग्रजांनी फारच ॲडजस्ट केलं म्हणायचं."

फोन ठेवताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "पुढच्या वर्षी झेंडावंदनाला इथे या." मी "नक्की!" म्हणायचे. मग तिकिटं, माझ्या नवऱ्याच्या, निखिलच्या, ऑफिसमधलं सॉफ्टवेअरचं रिलीज, काही ना काही आडवं यायचंच.

* * *

झेंडावंदन झालं की जिलबी हवी. इतकी वर्षं पुण्यात काढून आम्हा चौघींपैकी एकीलाही जिलबी येत नव्हती! संदीपच्या मंजिरीनं व्हिडिओ बघून पीठ भिजवलं. कढईत जे काही तरंगलं त्याला आकार म्हणून नव्हता. मुलं म्हणाली, "वा, नूडल्स!"

मी घाबरून आईला फोन लावला. "आई, जिलबी कशी करायची गं?"

आईनं आधी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "घरी? दुकानं बंद आहेत का तिकडे?"

* * *

संदीप इंजिनिअर, त्यामुळे झेंडा बांधायचा मान त्याचा. घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवल्या, वर दोरी गुंडाळली, सगळं साग्रसंगीत. मी दोरी ओढली. झेंडा उघडेना. संदीपनं ओढली, निखिलनं ओढली, शेवटी झेंडा लावला होता तो कपडे वाळत घालायचा खांबच हलायला लागला! मुलांना वाटलं, झेंडा असाच असतो. सगळ्यांनी त्या गाठोड्याला कडक सॅल्यूट ठोकला.

दुपारी आप्पांना सांगितलं.

"सुरगाठ मारायची असते, निरगाठ नाही. बांधली कोणी?"

"संदीपनं."

"सॉफ्टवेअरमधला ना तो? मग कस्टमर केअरला फोन लावा म्हणावं."

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी इराला फोनसमोर बसवलं आणि तिच्या फ्रॉकच्या नाडीवर सुरगाठ शिकवली. एकीकडे त्यांच्या हातात लेंग्याची नाडी, दुसरीकडे तिची. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि मला फार घरी जावंसं वाटलं.

* * *

शेजारच्या डच आजीबाईंना इरानं सांगितलं, "आज आमच्या देशाचा वाढदिवस!" बाईंनी लगेच केक केला, मधोमध मेणबत्ती लावली. मुलांनी भारताला "हॅपी बर्थडे" म्हटलं आणि जोरात फुंकर मारली.

तेवढ्यात आईचा फोन. फोटो बघून म्हणाली, "केक छान आहे गं. पण सणासुदीला दिवा विझवला नाहीत ना?"

आम्ही चौघींनी एकमेकींकडे बघितलं. मंजिरीनं गुपचूप मेणबत्ती परत पेटवली.

* * *

त्या पुढच्या वर्षी आई नव्हती. थंडीत गेली, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

आमचं राष्ट्रगीत आप्पांसोबत फोनवर व्हायचं. सकाळी सोसायटीत झालेलं असलं तरी शनिवारी दुपारी ते पुन्हा आमच्यासाठी पांढरा शर्ट घालून बसायचे. फोन टेबलावर डब्याला टेकवलेला. राष्ट्रगीत सुरू झालं की आप्पा ताठ उभे राहायचे, आणि आम्हाला दिसायची फक्त त्यांच्या शर्टाची बटणं! मुलं सावधानमध्ये उभी राहून त्या बटणांना राष्ट्रगीत म्हणायची. आप्पांना हे कधी कळलं नाही. आम्हीही सांगितलं नाही, हो, मग वाकून उभे राहिले असते.

त्या वर्षी राष्ट्रगीत संपलं आणि इरा म्हणाली, "आजोबा, मधलं बटण नाहीये. आजीला सांगा ना लावायला."

आजी गेल्याचं तिला सांगितलं होतं. पण मग बटणं कोण लावणार, इतका विचार आम्हीही केला नव्हता.

आप्पा खाली बसले, तेव्हा चेहरा दिसला. "कोपऱ्यावर टेलर आहे. देतो त्याच्याकडे," म्हणाले, आणि फोन ठेवला. "पुढच्या वर्षी इथे या" हे त्या दिवशी म्हणालेच नाहीत.

रात्रीची भांडी घासताना मी निखिलला म्हटलं, "पुण्याला कायमचं परत जाऊ या."

* * *

यंदाचा पंधरा ऑगस्ट पंधरा ऑगस्टलाच झाला. हडपसरच्या आमच्या नव्या घरून कोथरूडला वेळेत पोचायचं म्हणून आम्ही अंधारातच निघालो. उशीर झाला असता तर आप्पांनी वर्षभर ऐकवलं असतं.

बांधायचं काम आप्पांनी यंदा नातीकडे सोपवलं. झेंड्याची गाठ इरानं मारली. आप्पांनी दोरी ओढली आणि पहिल्या झटक्यात झेंडा उघडला, पाकळ्या सगळ्यांच्या डोक्यावर! आमच्यासोबत आलेला संदीप शिट्टी मारणार होता, मंजिरीनं त्याला कोपर मारलं.

राष्ट्रगीत सुरू झालं. सोसायटीची सगळी मुलं रांगेत झेंड्याकडे तोंड करून उभी. आमची इरा रांग सोडून आली, आप्पांच्या अगदी पुढ्यात त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि खणखणीत आवाजात शेवटपर्यंत म्हणाली. एक शब्द चुकला नाही.

जयघोष झाला तसे आप्पा खाली वाकून म्हणाले, "अगं ठमे, राष्ट्रगीताला झेंड्याकडे बघायचं असतं! माझ्या पोटाकडे काय बघत होतीस?"

"मी तर नेहमी इथेच बघून म्हणते," इरा म्हणाली.

टोमणा मारायचा सोडून आप्पा शर्टाचं मधलं बटण चाचपत राहिले. जन्म पुण्यात गेलेला माणूस!