सरकारी टीका

मेंबरसाहेबांनी ग्वाल्हेरसाठी पुष्कळ केलं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी त्यांच्या नावानं बोटं मोडायला नको. परगण्यातल्या साध्या नोकरीपासून चढत चढत ते दरबारच्या मंत्र्यांत जाऊन बसले होते. मुलींच्या शाळा, बायकांचा दवाखाना, लष्कर भागातले पाण्याचे नळ, सगळं त्यांच्या खात्यातून झालं. माझे वडील, अप्पा, त्यांच्या कचेरीत कारकून. साहेबांचे जाहीरनामे हिंदीत लिहून काढणं हे त्यांचं काम. नोकरीसाठी ते तरुणपणी साताऱ्याहून इकडे आले होते आणि आपल्या हिंदीचा त्यांना भारी तोरा होता.

साहेबांच्या प्रत्येक कामाचा मुहूर्त कुंकू लावून होई. शाळा उघडली, टीका. नळ सुरू झाला, टीका. कपाळावरच्या कुंकवाला हिंदीत टीका म्हणतात, एवढं तर आमच्या आत्यालाही कळलं होतं. आमच्या नई सडकेवर मुली तबकं घेऊन निघाल्या की ती खिडकीतून आत सरकायची. आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. साताऱ्याकडेच वाढली, तिकडेच दिली. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा अप्पा तिला आमच्याकडे घेऊन आले. तिला हिंदी येत नव्हतं. घराबाहेर पडायची नाही तर येणार कुठून?

त्या वर्षी थंडी सरता सरता देवीची साथ येणार अशी बातमी आली. साहेबांनी लगोलग हुकूम काढला : सगळ्यांना फुकट देवी टोचायच्या. दवंडीचा मजकूर अप्पांनीच लिहिला. रोगाचं नाव भर रस्त्यात कशाला, लोक उगाच बिथरतात, म्हणून त्यांनी ते गाळलं. दवंडीवाला आमच्या खिडकीखाली ओरडून गेला, "कल सुबह मंदिर के चौक में सरकारी टीका लगेगा! औरतें-बच्चे सब आएँ!"

सकाळी आईनं विचारलं, "वन्सं, येता ना?"

"मला आता कसला टीका, वहिनी? तुम्ही या जाऊन."

लहानपणी टोचलेलं असेल, असं आईला वाटलं. मी पण हात धरून ओढलं, "चल ना आत्या, जल्दी!" तिनं हात सोडवून घेतला.

आम्ही परत आलो. आत्यानं माझा दंड पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, देवी होय! मला वाटलं, कुंकू लावतायत!"

देवी टोचण्यालाही हिंदीत टीकाच म्हणतात, हे तिला कुठं ठाऊक! आई हसली, मी हसले. संध्याकाळी अप्पांना सांगितलं तर ते ठसका लागेपर्यंत हसले. पुढं घरी जो येईल त्याला ही गोष्ट ऐकवायची, असंच चाललं होतं. सगळ्यांत जास्त आत्याच हसायची. इकडे आल्यापासून तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

टोचणारे तोवर शिंदे की छावणीकडे गेले होते. आई म्हणाली, "साहेबांकडे शब्द टाका, घरी येऊन टोचतील."

"घरच्या माणसासाठी साहेबांपुढे तोंड वेंगाडू?" अप्पा म्हणाले. "पुढच्या फेरीत होईल."

पुढची फेरी यायच्या आत आत्याला ताप भरला, आणि तिसऱ्या दिवशी अंगावर फोड उठले. मला शेजारी ठेवलं होतं. भिंतीपलीकडून तिचं कण्हणं ऐकू यायचं. ती गेली तेव्हा मला तिचं तोंडही पाहू दिलं नाही. अप्पांचा मला तेव्हा फार राग आला. ते जाऊनही आता वर्षं झाली, पण तो राग अजून गेलेला नाही.

पुढं शहरानं साहेबांचा सत्कार ठरवला. मानपत्र लिहायला अर्थात अप्पाच. 'एकही घर वगळलं नाही' असं वाक्य त्यांनी लिहिलं, आणि दौत तशीच उघडी टाकून ते साहेबांच्या बंगल्यावर गेले. सगळं सांगितलं. अगदी आपण हसलो तेसुद्धा. साहेब म्हणाले, "पहले क्यों नहीं कहा?" हे आईला सांगताना अप्पा तोंडाला उपरणं लावून रडले.

सत्काराच्या आधी दवंडी परत फिरली, या वेळी मराठीतही. मजकूर अप्पांचा, तोंड त्याच दवंडीवाल्याचं. "देवी टोच्यायला या हो! कुंकू नाही, देवी! विधवा बायांनी पण यावं!" त्याचं मराठी ऐकून नई सडकेवर पोरं खिदळत होती. अप्पा खिडकीतून हलले नाहीत.

समोरच्या घरातून विधवेचं लाल आलवण नेसलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या दोघी बाहेर पडल्या आणि दारातच थबकल्या. त्यांना मी कधी रस्त्यावर पाहिलं नव्हतं.

"जा, सोबत कर त्यांना," अप्पा म्हणाले. "चौक माहीत नसेल."

मी गेले. त्यांतल्या थोरलीनं माझं बोट घट्ट धरलं होतं. चालता चालता ती हळूच म्हणाली, "मागच्या खेपेला पण ओरडत होता गं तो. आम्हाला वाटलं, सवाष्णींचं काहीतरी असेल. आलोच नाही."

घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, "काही म्हणाल्या का त्या?"

मी म्हटलं, "नाही."