रिपोर्टच्या तळाची ओळ

निशातगंजच्या बाजारात माझी सही एका खिळ्याला टांगलेली आहे, हे मला माझ्या मुलीने दाखवलं.

माझ्या यादीतली पाच कामं झाली होती. सहावं, बाळाच्या झबल्यांसाठी मलमल, राहिलं होतं. मुलीला सातवा महिना. छातीत जळजळतंय म्हणून ती कोपऱ्यावरच्या सोडावाल्याकडे थांबली आणि त्याने न विचारता लिंबू सोड्याची बाटली उघडून हातात दिली. म्हणजे रोजची ओळख.

"रोज पितेस? काय असतं त्यात, काही बघितलंस का?" मी विचारलं.

ती इथे उत्तरेतच वाढली, त्यामुळे तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. तिने बाटलीनेच भिंतीकडे खूण केली. "मम्मी, आपने ही तो पास किया है. साइन देखिए."

लॅमिनेट केलेला कागद होता, आमच्या लॅबचा रिपोर्ट. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, सगळं मर्यादेत. खाली माझी सही. आणि सहीच्या खाली जी ओळ असायला हवी होती, तिथे कात्री फिरलेली.

ती ओळ अशी: हा निकाल फक्त ग्राहकाने आणून दिलेल्या नमुन्यापुरता आहे.

चिनहटच्या एका खासगी लॅबमध्ये मी धातूंच्या तपासणीचा विभाग सांभाळते. कंपनीचा माणूस नमुना आणतो. आम्ही त्यातला गॅस घालवतो, आम्ल घालतो, मशीनला लावतो आणि जे येईल ते लिहितो. नमुना कुठून उचलला हे विचारायचं नाही, ही आमच्या कामाची रीत. या सोड्याचा नमुना नव्याकोऱ्या प्लास्टिकच्या बाटल्यांत, थर्माकोलच्या पेटीत आला होता. बाजारात तोच सोडा काचेच्या जुन्या, पुन्हा पुन्हा भरलेल्या बाटल्यांत विकला जात होता. नाव काचेवर रंगाने छापलेलं. मुलीच्या हातातल्या बाटलीवरचं अर्धं नाव उडून गेलं होतं. मी अंगठा घासला, तर पिवळा रंग अंगठ्याला आला. अशा जुन्या रंगांत शिसं असू शकतं, हे लॅबमध्ये नव्याने आलेल्यांना मीच शिकवते. बाटल्या एकाच टाकीत घासून धुतात, तेव्हा रंगाचा हा कीस आत जाणार नाही तर कुठे जाणार? शिशाला चव नाही, वास नाही. आईच्या रक्तातून ते पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतं आणि त्याच्या वाढत्या मेंदूला इजा करतं.

ओळ कापणाऱ्याचा मला संताप आला, पण ती कापता येईल अशी सोय कोणी केली? मी. पूर्वी ती निकालाच्या लगेच खाली, सहीच्या वर असे. त्यामुळे रिपोर्ट दीड पानाचा व्हायचा, आणि मला दीड पान सहन होत नाही. मीच ती बारीक अक्षरांत तळाला ढकलली, सगळं एका पानात बसवलं आणि किती नीटनेटकं झालं म्हणून खूश झाले.

मी तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि त्याच दुकानातून आणखी सहा बाटल्या घेतल्या. मलमल राहिलीच.

दुसऱ्या दिवशी सहाही मशीनला लावल्या. चार बाटल्यांत शिसं मर्यादेच्या वर होतं. विश्वास बसेना म्हणून पुन्हा लावल्या. आकडे तेच. कागद घेऊन मालकांकडे गेले. आमचे मालक फार अदबीने बोलतात. त्यांचा नकारसुद्धा चहा पाजून येतो.

"बैठिए मैडम. ये सैंपल लाया कौन?"

"मैं."

"तो कस्टमर आप हुईं. रिपोर्ट आप रखिए. कंपनी को क्यों परेशान करें?"

"और वो जो दीवार पर टंगी है?"

"वो उस सैंपल की है. बिलकुल सही है. साइन आपकी है," ते हसून म्हणाले.

मी चहा तसाच ठेवून उठले. माणूस खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं. त्याचा शब्दन् शब्द माझ्या त्या ओळीत बसत होता.

जागेवर येऊन मी आधी रिपोर्टचा साचा बदलला. ओळ निकालाच्या वर, निकालाइतक्याच मोठ्या अक्षरांत. आता रिपोर्ट दोन पानांचा होतो, होऊ दे. या कंपनीच्या कुठल्याही कागदावर यापुढे सही करणार नाही, हे मालकांना लेखी दिलं. मग सरकारी अन्न तपासणीच्या कार्यालयात तक्रार दिली, कापलेल्या रिपोर्टच्या फोटोसकट. तिथल्या बाबूने सांगितलं की माझ्या बाटल्या चालणार नाहीत, त्यांच्या माणसाने उचललेल्याच चालतात.

"कब उठाएंगे?"

"नंबर से आएंगे, मैडम."

सोडावाल्याला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याने भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "बहनजी, हमें तो यही कहकर दिया था कि जाँचा हुआ है. हमारी बहू भी यही पीती है." त्याने कागद खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिला. चार दुकानं पुढे तोच कागद टांगलेला होता. तो दुकानदार म्हणाला, कंपनीला विचारल्याशिवाय काढणार नाही.

मुलीचं रक्त तपासून घेतलं, त्यात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाल्या, उपचार करावे लागतील इतकं नाही. तो सोडा बंद, दूध आणि लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, महिन्याने पुन्हा रक्त तपासायचं. बाळाचं काय, असं मी विचारलं. "आत्ता सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. असं वाक्य मी कुठल्याच रिपोर्टवर लिहिलेलं नाही.

घरी आल्यावर मुलीने फ्रिजवरची माझी यादी वाचली. ओळ वर घेतली, सही बंद केली, तक्रार दिली, तिन्हींवर खुणा.

"और मैं किस नंबर पर हूँ?"

"पहिल्या. ते लिहावं लागत नाही," मी म्हटलं.

"तो टिक क्यों नहीं है?"

मी दुधाचा ग्लास तिच्यापुढे ठेवला आणि ती पिऊन संपवेपर्यंत तिथेच उभी राहिले.