ओल्या लॅकरवरचा झेंडू

मला गाडी चालवता येत नाही. तीनदा टेस्ट दिली, तीनदा नापास झाले, आणि तिसऱ्या वेळी शेजारी बसलेल्या परीक्षकानेच घाबरून हँडब्रेक ओढला तेव्हा म्हटलं, खड्ड्यात गेली ती गाडी. पण बंपरवरचा ओरखडा बुजवायला सांगा. लीड्समधल्या कुठल्याही गॅरेजवाल्याच्या तोडीस तोड बुजवून दाखवीन. साठी उलटल्यावर शिकलेली ही एकच विद्या, आणि तिची मला लाज वाटते.

आमचे हे इथल्या हॉस्पिटलात आयुष्यभर डॉक्टर होते. रिटायर झाले आणि दोन-तीन वर्षांत विसरायला लागले. आधी नावं, मग वार, मग दुधाचा डबा फ्रिजऐवजी कपड्यांच्या कपाटात. मेमरी क्लिनिकमधल्या बाईंनी निदान सांगितलं आणि म्हणाल्या, सध्या गाडी चालवायला हरकत नाही, लायसन्सचं दर वर्षी पुन्हा बघितलं जाईल. तोवर घरच्यांनी लक्ष ठेवायचं आणि काही वेगळं दिसलं तर लगेच आम्हाला सांगायचं. घरच्यांनी म्हणजे मी. मुलगी मँचेस्टरला, तिची नोकरी, तिची दोन पोरं. मी लक्ष ठेवलं हो, अगदी डोळ्यांत तेल घालून ठेवलं. सांगितलं मात्र नाही.

पहिला ओरखडा आमच्याच फाटकाच्या खांबाचा. वीस वर्षं ज्या खांबाशेजारून गाडी आत घेतली, त्यालाच घासली. दुसरा सुपरमार्केटच्या कारपार्कमधला, आणि तो नेमका मुलीच्या नजरेला पडला. ती मला किचनमध्ये घेऊन गेली, दार लावलं, आणि म्हणाली, "आई, अजून एक स्क्रॅच दिसला ना, मी बाबांची किल्ली घेऊन जाणार. आय मीन इट. कोणाला लागलं तर?" तिचं मराठी असं अर्धं-मुर्धं, पण त्या दिवशी एकेक शब्द लख्ख कळला.

आता किल्ली म्हणजे काय, हे तिला कसं सांगू? ह्यांचं सगळं एकेक करून गेलं होतं. पेशंट गेले, पत्त्यांतलं ब्रिज गेलं, पेपरातलं शब्दकोडंही गेलं. राहिलं होतं एवढंच, की सकाळी नऊला किल्ली उचलायची आणि म्हणायचं, "चल गं, कुठे जायचंय तुला?" तेवढ्यापुरते ते माझे पूर्वीचे डॉक्टरसाहेब असायचे. पाठ ताठ, आरसा नीट करणार, मला पट्टा लावायला सांगणार. ते काढून घ्यायचं, तर मग घरात राहणार कोण? माझा जीव घाबरला. खरं सांगते, कोणाला लागेल याच्यापेक्षा ह्याचीच भीती मला जास्त होती.

म्हणून मी ओरखडे घालवायला लागले.

पहिल्यांदा जो मूर्खपणा केला तो कुठलीही मराठी बाई करील. भांडी घासायची घासणी घेतली, तिची हिरवी बाजू, त्यावर लिक्विड, आणि तवा घासावा तसा बंपर घासला. ओरखडा होता बोटभर, झाला तळहाताएवढा. मग फोनवर व्हिडिओ बघितले. एक टकला गृहस्थ गाडीपुढे गुडघ्यांवर बसून सगळं समजावून सांगायचा, त्याला मी मनातल्या मनात मास्तर म्हणायची. मास्तरांकडून कळलं, की आधी नख फिरवून बघायचं. नख अडकलं नाही तर ओरखडा वरच्या पारदर्शक लॅकरपुरताच, तो नुसत्या पॉलिशने जातो. नख अडकलं तर रंग गेला. खाली काळं प्लास्टिक दिसलं तर सगळंच करायचं: बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासायचं, पुसायचं, रंगाचे पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, आणि वरून लॅकर. ह्यांच्या गाडीचा रंग चंदेरी. नुसतं चंदेरी म्हणून चालत नाही, दाराच्या चौकटीत एक चिठ्ठी असते, तिच्यावरचा नंबर दुकानात सांगावा लागतो. दुकानातला माणूस म्हणाला, "नवऱ्याला सरप्राइज का?" मी म्हटलं, हो.

हे दुपारी झोपले की मी बाहेर. जुनं गोधडीचं अस्तर गुडघ्यांखाली, हातात रंगाची बारीक बाटली. ओरखडे पडूच नयेत म्हणूनही काय काय केलं! योगाची मॅट कापून फाटकाच्या खांबाला गुंडाळली. बंपरच्या कोपऱ्यांना रबरी पट्ट्या चिकटवल्या. गाडी कोरड्या फडक्याने पुसायची नाही, धुळीचा कणच पॉलिश पेपरसारखा घासतो, म्हणून दोन बादल्या आणि ह्यांच्या जुन्या मऊ बनियन्स. ह्यांनी खांबाकडे बघून विचारलं, "हे काय थोतांड?" मी म्हटलं, "थंडी वाजते त्याला." हसले. किती दिवसांनी हसले होते. मला वाटलं, जमतंय आपल्याला.

मग ऑक्टोबरातला तो गुरुवार आला.

कोथिंबीर आणि नारळ आणायला आमच्या नेहमीच्या भाजीवाल्याकडे निघालो होतो. मी शेजारच्या सीटवर. वळणावर ह्यांनी वळवलीच नाही. गाडी सरळ फुटपाथवर चढली आणि दुकानापुढच्या लोखंडी कठड्याला घासत जाऊन थांबली. त्या कठड्यापाशी एक बाई बाबागाडी घेऊन उभी होती. ती दोन पावलं मागे सरली म्हणून. नुसती दोन पावलं. तिने आमच्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि ह्यांनी गाडी मागे घेत विचारलं, "हं, पुढे कुठे?"

मी काय केलं असेल? घरी आल्यावर क्लिनिकला फोन? नाही. दोन दिवसांनी शनिवारी मुलगी येणार होती दसऱ्याच्या पूजेला. इथे सणाला रजा कोण देतो, आमचा दसरा जवळच्या शनिवारीच असतो. मी मूग गिळून बसले आणि बंपर बुजवायला घेतला. वीतभर खरड होती, काळं प्लास्टिक दिसत होतं. शुक्रवारभर पाऊस. शनिवारी सकाळी उघडलं तेव्हा रंगाचे हात दिले, खिडकीतून वायर सोडून हेअर ड्रायरने वाळवले, वर लॅकर दिलं. पण लीड्सच्या त्या दमट गारव्यात लॅकर कसलं वाळतंय! अकराला मुलीची गाडी दारात.

मग देवालाच कामाला लावलं. गाडीची पूजा आम्ही दर दसऱ्याला करतो, बॉनेटवर हळदकुंकू, अक्षता, पुढे झेंडूचा हार. हार दर वर्षी मधोमध असतो. त्या वर्षी मी तो डाव्या कोपऱ्यात बांधला, दुहेरी करून, घट्ट. मुलगी म्हणाली, "असा वाकडा का?" मी म्हटलं, "यंदा फुलं कमी आहेत." खोटं, आणि तेही हातात हळदकुंकवाची वाटी घेऊन. ह्यांनी नारळ वाढवला, गाडीला नमस्कार केला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "यंदा किती चकचकीत ठेवलीस गं गाडी." मी हाराची गाठ आणखी आवळली.

श्रीखंड-पुरीचं जेवण झालं. मुलगी निघताना गाडीवरचा हार काढायला गेली, वाऱ्याने पाकळ्या शेजाऱ्यांच्या दारापुढच्या ड्राइव्हवर जातात म्हणून. तिने हार ओढला, आणि फुलं तिथेच राहिली. सहा-सात झेंडू ओल्या लॅकरमध्ये गच्च बसले होते. तिने एक ओढलं, त्याबरोबर माझा सगळा रंग सालासारखा सोलून आला आणि खालचं काळं प्लास्टिक उघडं पडलं.

तिला एक शब्द सांगावा लागला नाही. ती खाली बसून बघत राहिली, मग योगाच्या मॅटकडे, पट्ट्यांकडे. "आई, किती?" मी म्हटलं, "अकरा." आणि मग बाबागाडीचंही सांगून टाकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता तोंडावर हात ठेवला आणि रडायला लागली. मला माझीच अशी चीड आली, की थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आपला माणूस जपायच्या नादात मी दुसऱ्या कोणाचं तरी बाळ पणाला लावलं होतं.

"बाबांना मीच सांगते," मी म्हटलं. तेवढा तरी हक्क मागून घेतला.

त्यांना हात धरून बंपरपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी वाकून त्या खरडीवरून बोट फिरवलं, हळूहळू, पेशंटची जखम तपासावी तसं. पहिलं विचारलं ते, "कोणाला लागलं नाही ना?" नाही म्हटल्यावर सरळ उभे राहिले, खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. "मग मी आता चालवता कामा नये." बस्स. रडणं नाही, चिडणं नाही. त्याच दिवशी क्लिनिकला कळवायला पाहिजे म्हणून मलाच आठवण करून दिली. मुलीने ईमेल लिहिली.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते तयार होऊन आले. "किल्ली कुठे गं माझी?"

आता हे रोजचं आहे. मुलगी म्हणते, गाडी विकून टाकू. एकदा तिच्या घरी नेऊन ठेवली होती, तर ह्यांना वाटलं चोरीला गेली. दिवसभर फाटकात उभे. म्हणून परत आणली. ती खरड मी बुजवलेली नाही. रोज नऊला त्यांना तिथे नेते, रोज ते बोट फिरवतात, रोज विचारतात कोणाला लागलं का, आणि रोज स्वतःहून म्हणतात, मग मी चालवता कामा नये. एका माणसाला रोज सकाळी तोच तोंडचा घास काढून द्यायला लावायचा, आणि तोही आपल्या हाताने.

कधी कधी ते पुढचंही विचारतात: "तू आधी का नाही सांगितलंस?" मी काहीतरी थातूरमातूर सांगायची. काल मात्र राहवलं नाही. म्हटलं, "तुमच्याकडे एवढंच उरलं होतं हो. ते गेल्यावर तुम्हीही जाल, ह्या भीतीने मी लपवलं. माझं चुकलं." त्यांनी खरडीवरचं बोट उचललं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे. मीही असंच केलं असतं तुझ्यासाठी." मी तिथेच ड्राइव्हवर, शेजाऱ्यांच्या देखत, हमसून हमसून रडले. काल रात्री कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली.

आज सकाळी त्यांनी किल्ली मागितली. मी त्यांना बाहेर नेलं, त्यांनी बोट फिरवलं, आणि मला क्षमा केल्याचं त्यांना काहीही आठवत नव्हतं.