भाईदास मुकादमाची निरोगी गल्ली

पांडेसऱ्याच्या, कापड रंगवायच्या डाइंग मिलमधला भाईदास मुकादम गल्लीत कुणाच्याही वतीने बोलायला सदा तयार. कुणाची बायको रुसो की नळाचं पाणी अडो, भाईदास पुढे. म्हणून शहाण्णव साली फेफऱ्याचे रोगी किती, हे मोजायला दवाखान्याची माणसं आली, तेव्हा त्यांनी वाट दाखवायला त्यालाच सोबत घेतलं. इथेच सगळी मोजणी बोंबलली.

नर्स मालतीबाई दारोदार विचारायच्या, "घरात कुणाला फिट येते का? गोळ्या फुकट मिळतील." घरातलं माणूस तोंड उघडायच्या आत भाईदास सांगून मोकळा, "नई हो बाई, आम्हना खानदेशी लोकेस्मा असं काही नई." मुकादमाला खोटं पाडून मिलमधलं काम कोण घालवणार? सगळे माना डोलवायचे.

शेवटी त्याचं स्वतःचं घर आलं. त्याची लेक सोनाली दाराआड उभी होती. शाळेत असल्यापासून तिला फिट यायची. जीभ चावली जायची, आणि बापाचा इलाज काय, तर चप्पल हुंगवायची आणि दंडाला ताईत. गोळ्यांचं नाव ऐकून तिने आशेने बापाकडे पाहिलं. पण कडोदऱ्याचं स्थळ चालून आलं होतं.

"आम्हना घरमा कोन्हा नखात रोग नई," भाईदास म्हणाला. त्याची बायको उषाबाई पदराशी चाळा करत राहिली.

मोठ्या डॉक्टरांनी आकड्यांत या गल्लीपुढे शून्य पाहिलं आणि हा ज्वारीच्या भाकरीचा गुण असावा असं ठरवून टाकलं. भाईदास तेव्हापासून भाकरीसुद्धा छाती पुढे काढून खाऊ लागला.

पुढच्या रविवारी कडोदऱ्याचे पाहुणे आले. मुलगा योगराज लूमवर कामाला, सोबत त्याची आई रुक्मिणीबाई. भाईदासने डॉक्टरांची ज्वारी त्यांनाही ऐकवली. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेली सोनाली कपबशांसकट खाली कोसळली. भाईदास सवयीने चप्पल काढून धावला.

"ती लांब ठेवा," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांनी पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेलाची घडी सारली, तोंडाचा फेस पुसला. हात असे चालले की रोजचंच काम.

"तुम्हाला कसं हो माहीत?" उषाबाईंनी विचारलं. रुक्मिणीबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने जमिनीकडे पाहिलं.

हे लोक आपल्याला फसवायला निघाले होते, म्हणून भाईदासला मनापासून राग आला. आपणही तेच करत होतो, हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग दोन्हीकडून मुकाट्याने सुपारी फुटली. जाताना रुक्मिणीबाई सोनालीच्या कानात सांगून गेल्या की योगराज रोज गोळी घेतो आणि आता त्याला क्वचितच फिट येते.

लग्नाआधी मालतीबाई पुन्हा खात्री करायला आल्या. भाईदासने तोंड उघडलं. तेवढ्यात सोनाली दाराआडून बाहेर आली.

"मला येते बाई. गोळ्या द्या."

"गल्ली आयकी ऱ्हायनी. लगीन मोडी जाई," भाईदास पुटपुटला.

"मोडाव नई, बाबा. त्यास्ना घरमाबी ह्याच गोळ्या शेतस."

गल्ली खरंच ऐकत होती. समोरचं दार उघडलं, मग त्याच्या शेजारचं. भाईदासची निरोगी गल्ली निम्मीही सरली नव्हती, तोच मालतीबाईंच्या पिशवीतल्या गोळ्या संपल्या.